दातेरी पायरी आणि अनवाणी पाय

धुळा सिदू गोरड या माणसावर एकाच दिवशी दोनदा अन्याय झाला. यंदाच्या अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता, साताऱ्यातल्या एका कॉलनीत सिल्व्हर ओकच्या झाडावरून ते खाली पडले, हा पहिला. त्याच दुपारी चार वाजता, त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलेलं असताना, कॉलनीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून अपघाताच्या अहवालात एक वाक्य लिहिलं गेलं, हा दुसरा. वाक्य असं : ‘सदर कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला.’

दुसऱ्या अन्यायाविरुद्ध मी गेले काही महिने भांडते आहे. पहिल्यात मात्र माझा स्वतःचा हात आहे. तो कसा, हे सांगायचं तर आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण धुळामामा ज्या वस्तूवरून पडले ती मी माझ्या हातानं तपासून ‘पास’ केलेली होती.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सात वर्षं क्वालिटीच्या टेबलावर काम केलं. आमच्या मालाचं नाव क्लाइंबिंग स्टिक. शॉपमध्ये सगळे नुसतं ‘स्टिक’ म्हणायचे. ॲल्युमिनियमची पोकळ नळी, हातभर लांब. वरच्या आणि खालच्या टोकाला, दोन्ही अंगांना, पाऊल टेकेल एवढीच पायरी. मागच्या बाजूला झाडाच्या खोडावर बसणारा बेचकीसारखा कंस. आणि एक पट्टा. पट्टा खोडाभोवती फिरवून ओढला की बकल आवळतं आणि स्टिक झाडाला चिकटून बसते. पहिली कमरेच्या उंचीवर बांधायची, तिच्यावर उभं राहून दुसरी, मग तिसरी, मग चौथी. चार स्टिकमध्ये माणूस घराच्या माळवदाएवढा वर जातो, आणि उतरताना एकेक सोडवत खाली येतो. चारही एकात एक बसवून पाठीला लावल्या तर शाळकरी पोराच्या दप्तराएवढं वजन.

हे सगळं परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी. तिकडे परवाना काढून हरणांची शिकार करतात. शिकारी जंगलात चालत जातो, झाड निवडतो, स्टिक बांधून वर चढतो आणि तासन्‌तास गप्प बसून राहतो. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी. त्यामुळे आमच्या मालाचं एकही गिऱ्हाईक देशात नव्हतं. माझ्या आईला मी दहा वेळा समजावलं, तरी ती आटपाडीच्या बाजारात बायकांना सांगते, “आमची पोरगी नारळाच्या झाडाच्या शिड्या करत व्हती.”

मालाच्या तपासण्या तीन. पहिली वजनाची. दुसरी भाराची. त्यासाठी शॉपच्या कोपऱ्यात बाभळीचं एक जाडजूड खोड सिमेंटात उभं केलेलं होतं. त्याला स्टिक बांधायची आणि पायरीला वाळूची पोती टांगून दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायची. खंडेनवमीला मशिनींना हार घालताना आम्ही त्या खोडालाही घालायचो. ते बिचारं वर्षभर आमच्यापेक्षा जास्त भार सोसायचं.

तिसरी तपासणी आवाजाची, आणि ती माझी. पायऱ्यांच्या कडांना रबर बसवलेलं असे. चार स्टिक एकत्र बांधायच्या, हलवायच्या, एकमेकींवर हलकेच आपटायच्या. ‘धप’ वाजलं तर पास. ‘टण’ वाजलं तर बाद. शॉपमध्ये पत्र्याला ठसे मारणाऱ्या पंचिंग मशिनींच्या धडधडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ही तपासणी स्टोअरच्या आतल्या खोलीत दार लावून व्हायची. आमचे सुपरवायझर माने भाऊ म्हणायचे, “हरणाच्या कानावर खुट्ट जरी वाजलं का मालाचा कंटेनर परत येतोय बघ. तुझा कान म्हंजी हरणाचा कान समज.”

मी म्हणायचे, “भाऊ, पंचिंगवर पोरांचे कान गेले त्याचं काय?”

“त्यांची तक्रार हाय कुठं?”

“ऐकू येईल तवा करतील की.”

माने हसायचे. पण पुढच्या महिन्यात कानात घालायच्या बुचांचा एक खोका स्टोअरमध्ये आला. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय. तिथून मला चटक लागली. साताऱ्यात कामगारांचा एक छोटा गट होता, त्यात मी जायला लागले. पत्रकं लिहायला तिथेच शिकले. इस्लामपुरातला आमचा छापखानावाला माझ्या मजकुरातले निम्मे उद्गार काढून टाकायचा. म्हणायचा, “ताई, एका कागदाला एकच राग पुरतो.” त्याचं म्हणणं मी मानायला लागले तेव्हा लोक माझी पत्रकं शेवटपर्यंत वाचायला लागले.

कारखान्यातली एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पायरी गुळगुळीत असली तर ओल्या बुटानं पाय सटकतो, म्हणून पंचिंगमध्ये पायरीच्या पृष्ठभागावर दाते पाडत. करवतीसारखे टोकदार नाहीत, पण खिसणीला लाजवतील असे. एकदा माल बघायला खरेदीदार साहेब आला. सहा फुटी, तांबडा, हसरा माणूस. बाभळीच्या खोडावर त्याचं समाधान होईना. जिवंत झाडावर चढून दाखवा म्हणाला. कंपाउंडात झाड एकच, गेटजवळचा पिंपळ, आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा. माने घाबरत घाबरत म्हणाले, साहेब, चढा, पण बूट काढून. साहेबानं तक्रार न करता बूट-मोजे काढले, पहिल्या स्टिकवर उभा राहिला, दुसरीवर गेला आणि तिथून त्याचा चेहरा आणखी तांबडा झाला. खाली उतरून त्यानं आपले तळवे बघितले. दात्यांचे ठसे उमटले होते. तो बराच वेळ हसला आणि मग हसणं थांबवून मान्यांना काहीतरी ठामपणे सांगितलं.

त्यानंतर प्रत्येक स्टिकवर एक नारिंगी लेबल लागायला लागलं. इंग्रजीत, जाड तळाचे बूट घालूनच वापरावी म्हणून. शिवाय, कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधल्याशिवाय जमीन सोडू नये. हा कमरेचा पट्टा तिकडेच तयार होऊन तिकडेच खोक्यात पडायचा, आम्ही तो कधी बघितलाही नाही. लेबलं चिकटवायचं काम माझ्याच टेबलावर होतं. पहिल्या दिवशी माने म्हणाले ते मला आजही शब्दान्‌शब्द आठवतं : “बरं हाय, ह्यो माल आपल्याकडं खपत न्हाई. आपल्यात झाडावर बूट घालून चढतंय कोण?”

मी हसले होते. बोटाला गोंद लागलेला होता आणि समोर ढीग होता. हसले आणि विसरले.

आता धुळामामा. त्यांचं गाव माण तालुक्यात, माझं आटपाडीत. मधे एक कोरडा ओढा आणि जिल्ह्याची हद्द. आमच्या भागात बाभळीचा, लिंबाचा पाला शेरडांना घालायचा तर झाडावर चढावंच लागतं. धुळामामा आठव्या वर्षापासून चढतात. मेंढरं कमी झाली तशी ते साताऱ्यात येऊन फांद्या छाटायच्या कामाला लागले. पावसाळ्याआधी महाबळेश्वरात हॉटेलांच्या छपरांवर आलेल्या फांद्या, साताऱ्यात कॉलन्यांमधली झाडं. हे काम ठेकेदाराकडून चालतं. मामांच्या ठेकेदाराला सगळे बापू म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. बापू पुरवायचा काय? मला तेव्हा वाटायचं, एक कोयता आणि एक सोल, म्हणजे जाड दोर. दोर फांदी बांधायला, माणसाला नव्हे.

कॉलन्यांच्या गेटवर हे छाटणीवाले बघून माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं : ‘परदेशी शिकाऱ्याला शिडी, साताऱ्याच्या छाटणीवाल्याला कोयता!’ ते गाजलं. स्वतःबद्दल खोटी नम्रता मला जमत नाही, ते पत्रक चांगलं होतं. हरणासाठी आवाज तपासणारे आपण, माणूस पडला तर धप होतं का टण, हे कुणी तपासलंय का, असं मी त्यात विचारलं होतं.

त्याच सुमारास परदेशी ऑर्डर थांबली. तयार माल पडून राहिला. मी मान्यांच्या मागे लागले, भंगारात घालण्यापेक्षा या स्टिक छाटणीवाल्यांना द्या. मान्यांनी वरती विचारलं, वरच्यांनी होकार दिला. बापूनं चार संच उचलले. ऑर्डर थांबल्यामुळे त्यांना लेबलं चिकटवायची राहून गेली होती, खोकी नव्हती, आणि अर्थातच कमरेचे पट्टे नव्हते. मी आनंदात होते. पत्रक काढून एवढ्या लवकर काही मिळतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

कसं वापरायचं ते दाखवायला मीच गेले. मामा पुढे पडले तीच ही कॉलनी, निवृत्त फौजी लोकांची, रस्ते आखीव, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. मी सिल्व्हर ओकला चारही स्टिक बांधून सरसर वर गेले, खाली आले. पायात माझे कारखान्यातले सेफ्टी शूज. छाटणीवाले बघत होते.

धुळामामांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या. खोडाला हात लावला, तो कपाळाला नेला. रोज करतात तसंच.

मी म्हटलं, “मामा, वहाणा असू द्या की पायात.”

“आगं, झाडावर पायताण घालून चढत्यात व्हय? जिना हाय का त्यो?” मग म्हणाले, “आन् पायाला झाड कळाया नको? सालीखाली पोकळ हाय का भरीव हाय, त्ये पाय सांगतुया.”

ते दोन स्टिक चढून गेले आणि उतरले. जमिनीवर बसून तळवा उलटा करून पाहिला.

“ह्याला दात हायती गं.”

त्या क्षणी मला तो तांबडा साहेब आठवायला हवा होता. नारिंगी लेबल आठवायला हवं होतं. मला आठवलं काय, तर आपलं पत्रक. माझ्याभोवती सहा-सात माणसं उभी होती, कॉलनीच्या बाल्कन्यांतून लोक बघत होते, आणि मी म्हणाले, “सवय होईल, मामा.”

मामांनी वाद घातला नाही. साधन चांगलं होतं हे त्यांनाही पटलं होतं. दोन्ही हात मोकळे राहतात, फांदीवर लोंबकळावं लागत नाही. दोन दिवस त्यांनी दात सोसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. पाय सोलतोय, पायताण घालायचं नाही, मग पायरीला मऊ करायचं. बैलाच्या मानेला जू लागलं तर आपण जुवाला चिंधी बांधतो, बैलाला बूट घालत नाही. मामांनी पोत्याचं बारदान कापलं आणि प्रत्येक पायरीला सुतळीनं नीट, घट्ट, गाठी मारून गुंडाळलं. खाली पायरी रबराच्या कडेची, वर ताग. वजन एका कडेला आलं तसं चौथ्या स्टिकवरचं बारदान फिरलं. कमरेला काही नव्हतं. मामा पायांवर पडले. दोन्ही टाचा फुटल्या, खुब्याचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बापू आधीच तिथे होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “या, ताई. तीस वर्सं माणूस झाडावर चढत व्हता, कवा पडला न्हाई. तुमच्या शिडीवर चढला आन् पडला. काढा आता पत्रक.”

मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं. मामांची बायको, बायजामामी, बाकड्यावर बसल्या होत्या. त्या बापूला म्हणाल्या, “आवं, तिनं शिडी तरी दिली. तुमी काय दिलं, कोयता? त्यो बी आमचाच व्हता.”

बापू डबा आणतो म्हणून गेला तो परत आला नाही.

अहवालातलं वाक्य आम्हाला आठ दिवसांनी कळलं. अहवाल लिहिला होता कॉलनीच्या अध्यक्षांनी. ते निवृत्त सुभेदार. बारदान पायरीवर सापडलं होतं, ते कामगारानं स्वतः बांधलेलं होतं, तेव्हा चूक कामगाराची. सरळ हिशेब. हे वाक्य राहिलं तर मामांना भरपाई मिळणं अवघड, हे मी मामींना समजावून सांगत होते. मामा पलंगावरून ऐकत होते. मधेच म्हणाले, “भरपाई ऱ्हाऊ दे बाजूला. माज्या नावाम्होरं त्यो शबुद नगं. एवढी झाडं छाटली, एक फांदी कुणाच्या कौलावर पडू दिली न्हाई. म्या बारदान बांधलं त्ये निष्काळजी व्हतो म्हनून? काळजी व्हती म्हनून बांधलं की गं.”

हे मी चार पानांच्या निवेदनात मांडू शकले नसते. काळजी होती म्हणूनच बांधलं.

मामा वॉकर धरून उभे राहायला लागले तेव्हा मी कॉलनीच्या कमिटीकडे सुनावणी मागितली. सुभेदारांनी ती लगेच दिली. श्रावणातली सकाळ, पाऊस उघडलेला, खुर्च्या त्याच सिल्व्हर ओकखाली मांडल्या. कमिटीची चार माणसं, बापू, मामी, रिक्षातून आणलेले मामा, आणि माझ्या हातात माझं चार पानी भाषण. सुभेदार म्हणाले, “मॅडम, स्पीच नको. सवाल-जवाब करू. ट्रेनिंग कोणी दिलं?”

“मी.”

“किती वेळ?”

“अर्धा तास.”

“तुमच्या पायात काय होतं?”

“सेफ्टी शूज.”

“यांच्या?”

“काही नाही.”

“यांनी तुम्हाला काही प्रॉब्लेम सांगितला होता?”

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी बोलले, “जाऊ द्या सायेब. पोरगी भल्यासाठी आलती.”

त्यांनी मला वाट काढून दिली होती. ती घेतली असती तर कुणाला कळलं नसतं. पण मग ते वाक्य कागदावर तसंच राहिलं असतं, कारण बारदानाच्या आधी काय घडलं हे सांगायला मामांशिवाय तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि मामा सांगणार नव्हते. मी म्हणाले, “सांगितलं होतं. पायरीला दात आहेत म्हणाले. मी म्हटलं सवय होईल. आणि साहेब, ही वस्तू बूट घातल्याशिवाय वापरायची नाही हे मला ठाऊक होतं. तशी लेबलं मीच चिकटवलेली आहेत. कमरेचा पट्टा लागतो हेही ठाऊक होतं. बापूंना मी त्यातलं काहीच सांगितलं नाही.”

बापूनं मांडी बदलली. “बघा. मला कुणी सांगितलंच न्हाई.”

सुभेदार त्याला म्हणाले, “आणि तुम्ही विचारलं?”

बापूनं मांडी परत बदलली.

सुभेदार उठले. एक स्टिक मागवली. झाडाला बांधायला सांगितली. मग खुर्चीवर बसून त्यांनी आपले पॉलिश केलेले बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात खोचले. कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, “साहेब, तुमचं बीपी.” त्यांनी हातानंच गप्प केलं. खालच्या पायरीवर पाय ठेवला, खोडाला मिठी मारली आणि दुसरा पाय उचलला. सगळं वजन दात्यांवर. उभे राहिले.

मामांना राहवेना. खुर्चीवरून म्हणाले, “टाच टेकू नका सायेब. चवड्यावर ऱ्हावा.”

“चवड्यावर जास्त लागतंय.”

“व्हय. पयल्या दिशी मला बी तसंच वाटलं. मग पोटरीत गोळं येत्याती.”

“मग काय करायचं?”

“म्या बारदान बांधलं.”

सुभेदार आणखी थोडा वेळ वर राहिले, बहुतेक मुद्दाम. खाली उतरून बसले आणि तळवे पाहिले. मग जो अहवाल त्यांनी स्वतः लिहिला होता तो फाइलमधून काढला. म्हणाले, “फौजेत आम्ही बूट न देता जवानाला चढवला तर चौकशी जवानाची होत नाही. चढवणाऱ्याची होते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी हे मी लिहिलं.” त्यांनी पट्टी मागवली, ते वाक्य पट्टी लावून खोडलं आणि बाजूला सही केली. त्याखाली नवीन लिहिलं : ‘पायात बूट व कमरेस पट्टा न देता कामगारास झाडावर चढविण्यात आले. साधनाचे शिक्षण अपुरे होते.’

दुसरं वाक्य माझ्याबद्दलचं आहे. ते तिथे असावं असा मी आग्रह धरला नाही आणि विरोधही केला नाही. ते खरं होतं. मी सही केली.

मामांनी कागद मागितला. त्यांना वाचता येत नाही. खोडलेल्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मामींकडे दिला.

काही जण मला म्हणतात, स्टिक दिल्याच नसत्या तर? मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं उत्तर ठाम आहे. छाटणीवाले स्टिक नसतानाही पडतात, फक्त तेव्हा कुणी अहवालसुद्धा लिहीत नाही. साधन द्यायलाच हवं. अर्धं देता कामा नये. आणि ज्याच्या पायाखाली ते जाणार आहे तो ‘दात आहेत’ म्हणाला की तिथेच काम थांबवायला हवं. कारखान्यात एका ‘टण’वर मी सबंध खोका बाद करत होते. माणूस तोंडानं सांगत होता तेव्हा मी पास केलं.

आता आम्ही काय केलं आहे तेही सांगते. माने भाऊंनी उरलेल्या स्टिकच्या पायऱ्यांचे दाते घासून टाकले आणि त्यावर सायकलच्या टायरचा तुकडा रिपिट मारून बसवला. फिरत नाही, सोलत नाही, अनवाणी पायाला लागत नाही. त्याची चाचणी मामांनी खुर्चीवर बसून, हातानं दाबून घेतली. पहिले दोन नमुने त्यांनी बाद केले. कमरेचे पट्टे आम्ही बांधकामावरचे आणले. दोन कॉलन्यांत पट्ट्याशिवाय कुणी चढत नाही. हे काम होऊ शकतं, फार अवघड नाही, आणि आम्ही ते करून दाखवलं आहे. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत मी पास केलेला सगळ्यात चांगला माल हाच.

धुळामामा आता झाडावर चढणार नाहीत. उकिडवं बसता येत नाही. खाली उभे राहून वरच्या माणसाला कुठली फांदी आधी, कुठली नंतर, ते सांगतात, आणि त्यांचं सांगणं चुकत नाही.

पण सुधारलेल्या अहवालावर सह्या तीन लागतात. कॉलनीच्या अध्यक्षांची आहे. साधन शिकवणारी म्हणून माझी आहे. ठेकेदाराची नाही. बापू श्रावणात म्हणाला, “इचार करून सांगतो.” गणपती गेले, दसरा गेला. तिसरी सही होत नाही तोवर सरकारी फायलीत जुनाच कागद धरला जातो, आणि त्या कागदावर धुळा सिदू गोरड आजही निष्काळजी आहेत.

साताऱ्यात आणि कराडपर्यंत झाडं छाटायचा ठेका बहुतेक याच माणसाकडे असतो. हा दिवाळी अंक वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या सोसायटीत, शाळेत, हॉटेलात तो येत्या उन्हाळ्यात येणार आहे. म्हणून माझी मागणी तुमच्याकडे आहे, सरकारकडे नाही. तो गेटवर आला की त्याला चहा पाजायच्या आधी विचारा, “गोरडांच्या कागदावर सही केलीत का?” केली असेल तर आत घ्या आणि त्याच्या माणसांच्या कमरेला पट्टा आहे का ते स्वतः हात लावून बघा. केली नसेल तर त्याला गेटातूनच परत पाठवा. तुमच्या फांद्या चार दिवस वाढल्या तर चालतील.